पाटी लागली, पण विद्यार्थी येतील का?

पहिल्या सत्राचा निकाल लागतो. तीन विषयांत एटीकेटी. गावात बारावीला पहिला आलेला मुलगा रूमवर येऊन दार लावून घेतो. संध्याकाळी घरून फोन येतो, तेव्हा 'सगळं ठीक आहे' एवढेच सांगतो. झोप उडालेली असते, जेवणावरची वासना गेलेली असते, वर्गात जाण्याची इच्छा उरलेली नसते. त्याच्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे. तळमजल्यावर, प्राचार्यांच्या दालनाला लागून. पाटीवर ज्यांचे नाव आहे, तेच त्याला एक विषय शिकवतात आणि त्याचे अंतर्गत गुणही त्यांच्याच हातात आहेत. हा मुलगा त्या दारापर्यंत जाईल का?

हे चित्र कोणा एका विद्यार्थ्याचे किंवा एका महाविद्यालयाचे नाही. मात्र विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सध्या जी धावपळ सुरू आहे, तिचे यश-अपयश याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. न्यायालयाने आदेश दिले, आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढली, हेल्पलाइन सुरू झाली. आता पाट्याही लागतील. पाटी लागणे आणि सेवा मिळणे यांत जे अंतर आहे, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येमुळे मृत्यू झाला. २०२३ मध्ये ही संख्या १३,८९२ झाली. यात शाळकरी मुलांपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत सारे येतात. राज्यनिहाय यादीत या दोन्ही वर्षी महाराष्ट्र सर्वांत वर आहे. राज्य मोठे आहे, विद्यार्थिसंख्याही मोठी आहे, हे लक्षात घेतले तरी ही बाब बाजूला सारण्यासारखी नाही.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. विद्यार्थ्याचा मृत्यू म्हटले की 'परीक्षेतील अपयश' हे कारण सर्वांत आधी समोर येते. पण २०२२ मध्ये हे कारण ज्यांच्या नावापुढे नोंदले गेले, असे मृत्यू सर्व मिळून २,२४८ होते. पोलिसांच्या नोंदीतील 'कारण' हे मुळातच ढोबळ असते. माणूस एकाच कारणाने खचत नाही. तरीही परीक्षेपलीकडे बरेच काही असते, एवढे यावरून नक्की कळते. घरातील ताण, आजार, पैशांची ओढाताण, नात्यांतील तुटलेपण, अपमान आणि भेदभाव यांचाही त्यात वाटा असतो.

मृत्यूची आकडेवारी हे या प्रश्नाचे फक्त टोक आहे. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या चोविशीपर्यंत होते, हे संशोधनातून बऱ्याच काळापासून माहीत आहे. म्हणजे नेमकी महाविद्यालयाची वर्षे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात आठ देशांतील १९ विद्यापीठांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यातील ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये तोवरच्या आयुष्यात किमान एका मानसिक विकाराची लक्षणे आढळली. त्या आठ देशांत भारत नव्हता, त्यामुळे ती टक्केवारी जशीच्या तशी येथे लावता येणार नाही. पण समस्या मूठभरांची नाही, हे समजायला ती पुरेशी आहे.

न्यायालयाने काय सांगितले

विशाखापट्टणम येथे 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. त्याच निकालात शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसद किंवा विधिमंडळे कायदा करेपर्यंत ती बंधनकारक राहतील, असेही स्पष्ट केले.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे. संकटाच्या वेळी विद्यार्थ्याला कोठे न्यायचे याची लेखी पद्धत हवी, हेल्पलाइनचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेले हवेत, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, वसतिगृहांतील धोक्याच्या जागा सुरक्षित कराव्यात, असेही त्यात आहे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असेल.

त्याआधी चार महिने, मार्च २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले होते. उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमागील कारणे शोधणे आणि उपाय सुचवणे हे त्याचे काम. एकाच वर्षात न्यायालयाला या विषयात दोनदा लक्ष घालावे लागते, यातून आधीच्या तरतुदी कितपत रुजल्या होत्या याचा अंदाज येतो.

कारण तरतुदी नव्हत्या असे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवांतून मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशनाची व्यवस्था सांगितली आहे. नोव्हेंबर २०२२ मधील राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत हे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावे, असे सुचवले. कागद भरपूर आहेत. घोडे पेंड खाते ते त्यापुढे.

एका समुपदेशकाचे गणित

'किमान एक' या शब्दांतच पहिली अडचण आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एक समुपदेशक आणि चार हजारांच्या महाविद्यालयातही एकच, तरी दोघांनीही अट पूर्ण केली असे म्हणता येते. निकालात विद्यार्थी-समुपदेशक प्रमाण योग्य राखावे असे म्हटले आहे, पण ते किती हे संस्थांवर सोडले आहे.

साधा हिशेब मांडून पाहता येईल. समुपदेशनाचे एक सत्र पाऊण ते एक तासाचे असते. नोंदी, पालकांशी वा डॉक्टरांशी बोलणे, कार्यशाळा हे सारे धरले तर एक समुपदेशक दिवसाला पाच, म्हणजे आठवड्याला २५ सत्रे घेऊ शकतो. पंधरा आठवड्यांच्या शैक्षणिक सत्रात ही संख्या ३७५ होते. एका विद्यार्थ्याला सरासरी पाच भेटी लागतात असे धरले, तर एका सत्रात ७५ विद्यार्थ्यांना पुरेशी मदत मिळते. चार हजारांच्या महाविद्यालयात दहा टक्क्यांना जरी गरज भासली, तरी ते चारशे होतात. उरलेल्या सव्वातीनशेंचे काय, याचे उत्तर 'किमान एक' मध्ये नाही.

अमेरिकेत विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ व्यावसायिक असावा, असे सांगते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी होते. महाराष्ट्रात सुमारे ४५.७८ लाख विद्यार्थी आणि ४,६९२ महाविद्यालये होती. दीड हजारांमागे एक हे प्रमाण धरले, तर महाराष्ट्राला सुमारे ३,०५० समुपदेशक लागतील.

हा आकडा महाविद्यालयांच्या संख्येहून कमी आहे. म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाने 'किमान एक' नेमला, तर राज्याची एकूण बेरीज जुळेलही. पण वाटणी चुकेल. दोनशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयातील समुपदेशकाकडे वेळ उरेल, म्हणून त्याला परीक्षा विभागाचे किंवा प्रवेशाचे काम दिले जाईल. मोठ्या महाविद्यालयात मात्र तीन-तीन आठवडे थांबावे लागेल. तालुक्यातील पाच-सहा लहान महाविद्यालयांनी मिळून दोन पूर्णवेळ समुपदेशक ठेवणे आणि मोठ्या संस्थांना विद्यार्थिसंख्येनुसार नेमणूक बंधनकारक करणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्याला नव्या पैशापेक्षा विद्यापीठ पातळीवरच्या नियोजनाची गरज आहे.

शिक्षकच समुपदेशक?

माणसे नसतील तर असलेल्या शिक्षकांनाच ही जबाबदारी द्यावी, हा मोह प्रशासनाला नेहमीच होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात हाच मार्ग होता. दर २५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक, ज्याने पालकासारखे लक्ष ठेवावे. या शिक्षकाने वसतिगृहाच्या अधीक्षकांशी विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती, गुण आणि वर्तन यांची देवाणघेवाण करावी, अशीही त्यात सूचना होती. हेतू चांगला होता. पण आपण जे बोलू ते अधीक्षकांपर्यंत जाणार हे ठाऊक असेल, तर कोणता विद्यार्थी मनातले सांगेल?

हा केवळ तर्क नाही, त्याला पुरावा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांमध्ये गोव्यातील 'संगत' या संस्थेने 'सेहर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत संपूर्ण शाळेसाठीचा कार्यक्रम राबवायला खास प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र 'मित्र' नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधरही असण्याची अट नव्हती. काही शाळांत तेच प्रशिक्षण देऊन तोच कार्यक्रम शिक्षकाकडे सोपवला. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. स्वतंत्र मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. जेथे शिक्षकच मित्र होता, तेथे असा परिणाम दिसला नाही.

कार्यक्रम एकच होता, बदलला तो राबवणारा माणूस. शिक्षक वाईट असतो असा याचा अर्थ नाही. त्याच्यावर आधीच अध्यापन, पेपर तपासणी, निवडणूक आणि सर्वेक्षणांची कामे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुण, हजेरी आणि शिस्त ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे दुबळेपण उघड करणे कोणालाही अवघड जाते. शिक्षकाचे काम वेगळे आहे. वर्गात सतत गैरहजर राहणारा, अचानक गप्प झालेला विद्यार्थी हेरणे, त्याच्याशी दोन शब्द बोलणे आणि त्याला योग्य दारापर्यंत पोहोचवणे. ते काम मोलाचे आहे, पण ते समुपदेशन नव्हे.

तेवढ्यावरही विसंबून चालत नाही. युरोपातील दहा देशांत १६८ शाळांमधील ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात तीन पद्धती तपासल्या गेल्या. शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देणे, तज्ज्ञांनी विद्यार्थ्यांची चाळणी करणे आणि विद्यार्थ्यांनीच भूमिकानाट्य व चर्चेतून मानसिक आरोग्याविषयी शिकणे. वर्षभरानंतर ठळक फरक दिसला तो तिसऱ्या पद्धतीत. त्या शाळांत आत्महत्येचे नवे प्रयत्न सुमारे निम्म्याने कमी होते. विद्यार्थ्यांना नुसते 'लाभार्थी' न मानता त्यांना या कामात सामील करून घेण्याचे महत्त्व यातून समोर येते. हे दोन्ही अभ्यास शालेय वयातील मुलांवरचे आहेत. पण महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असतो.

तज्ज्ञ कोठून आणायचे

देशात मनोविकारतज्ज्ञांची तीव्र टंचाई आहे. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या वेळी लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याचे सांगितले जात होते. किमान तीन तरी हवेत असे मानले जाते. पण चिंता, उदासी, परीक्षेची भीती, एकटेपणा यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज नसते.

याचेही उदाहरण गोव्यात आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा एक साधा, ठरावीक टप्प्यांचा उपचार देण्यात आला. तो देणारे स्थानिक लोक होते, मानसिक आरोग्याचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेले, पण प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळालेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची आरोग्य सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. महत्त्वाचा शब्द आहे 'देखरेख'. त्यांच्या संभाषणांचा दर्जा तपासला जात होता आणि गंभीर रुग्ण वरच्या डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय होती. दोन दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र वाटण्याला ही सर नाही.

कोणालाही 'समुपदेशक' म्हणवून घेता येणे ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसाठी मात्र दीर्घकाळ तशी व्यवस्था नव्हती. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने त्यांना आपल्या कक्षेत घेतले आहे. ही नोंदणी प्रत्यक्षात येईपर्यंत महाविद्यालयांनी शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि वरिष्ठ तज्ज्ञाची देखरेख या तीन गोष्टी तपासूनच नेमणूक करायला हवी.

गुप्ततेचा प्रश्न

विद्यार्थी कक्षात का येत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा 'कलंक' या एका शब्दात दिले जाते. 'मला काय वेड लागलंय का' ही भावना आहेच. पण प्रत्यक्ष भीती अधिक ठोस असतात. घरी कळेल. वर्गात कळेल. फाइलवर शेरा येईल. कॅम्पस मुलाखतीत अडचण होईल. वसतिगृहातून काढतील. मुलीला शिक्षण थांबवून घरी बोलावतील. यातली प्रत्येक भीती संस्थेच्या एका नियमाने कमी होऊ शकते. फक्त तो नियम लिहिलेला, जाहीर केलेला आणि पाळलेला हवा.

२०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्याच्या माहितीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा धोका असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. अठरा वर्षांवरील विद्यार्थी कायद्याने सज्ञान आहे. त्यामुळे झोप लागत नाही म्हणून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी परस्पर फोन करणे योग्य नाही. अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात असतील, तर त्या अल्पवयीन विद्यार्थ्यांसाठी पालकांचा सहभाग वेगळ्या रीतीने ठरवावा लागेल. पहिल्याच भेटीत 'मी कोणती गोष्ट कोणाला, कधी सांगेन' हे समुपदेशकाने स्पष्ट सांगितले, तर अर्धी भीती तेथेच कमी होते.

आणखी एक भीती कायद्याची असते. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. तरीही पोलिस प्रकरण होईल या धास्तीने मित्र गप्प राहतात, संस्थाही घटना झाकतात. 'थेट विचारले तर डोक्यात नसलेला विचार येईल' हा समजही असाच घातक आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनातून दिसले आहे. उलट बोलायला वाट मिळते.

भाषेचाही मुद्दा आहे. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी 'डिप्रेशन' म्हणणार नाही. 'डोकं जड होतं', 'छातीत धडधडतं', 'कशातच मन लागत नाही' असे तो म्हणेल. इंग्रजी प्रश्नावली आणि इंग्रजी माहितीपत्रक त्याला पहिल्याच पायरीवर परत पाठवते.

समुपदेशनाने न सुटणारे प्रश्न

शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा झाली नाही आणि खाणावळीचे पैसे थकले, तर त्यावर दीर्घ श्वसनाचा उपाय नाही. जातीवरून टोमणे मारणारे सहकारी, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरगड्यासारखे राबवणारा मार्गदर्शक, तक्रार केली तर वर्ष वाया जाण्याची भीती, हे मनाचे आजार नव्हेत. ते संस्थेचे दोष आहेत. आपापली मुले गमावलेल्या दोन मातांनी २०१९ मध्ये शिक्षण संस्थांतील जातिभेदाविरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती यासाठीच. न्यायालयाने नेमलेल्या कृती दलाच्या कक्षेतही रॅगिंग, जात आणि लिंगाधारित भेदभाव, लैंगिक छळ, अभ्यासाचा आणि पैशांचा ताण हे सारे घेतले आहे.

त्यामुळे समुपदेशन कक्ष हा तक्रारींवर झाकण घालणारा कक्ष होता कामा नये. एकाच विभागातून, एकाच वसतिगृहातून किंवा एकाच मार्गदर्शकाकडून वारंवार विद्यार्थी येत असतील, तर नावे न सांगता ही बाब कुलगुरूंपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार समुपदेशकाला हवा. नाव न देता नोंदी ठेवून वार्षिक अहवाल करण्याची न्यायालयाची सूचना इथे उपयोगी पडते. त्या अहवालात 'किती कार्यशाळा घेतल्या' एवढेच आले, तर मात्र तो नॅकच्या फाइलची शोभा वाढवण्यापुरता उरेल.

आणि फाटकाबाहेरच्यांचे काय? पुण्यातील पेठांमध्ये हजारो तरुण-तरुणी स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकांत दिवस काढतात. त्यातल्या अनेकांची पदवी पूर्ण झालेली असते, त्यामुळे कोणत्याच विद्यापीठाच्या पटावर ते नसतात. कोचिंग क्लास न्यायालयाच्या आदेशात येतात. पण फक्त टेबल-खुर्ची भाड्याने घेऊन बसलेल्या मुलाची जबाबदारी कोणाची? लांबलेल्या जाहिराती, पुढे ढकललेल्या परीक्षा आणि घरून येणारा 'अजून किती वर्षं' हा प्रश्न यांचा ताण त्याच्यावर कमी नसतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने अभ्यासिकांचाही विचार केला, तरच हा वर्ग नजरेत येईल.

पालकांनी, विद्यार्थ्यांनी काय विचारावे

प्रवेश घेताना प्लेसमेंट, ग्रंथालय, वसतिगृह यांची चौकशी होते. त्यात आणखी पाच प्रश्नांची भर घालता येईल. समुपदेशक पूर्णवेळ आहे का, आणि तो विद्यार्थ्यांना गुण देतो का? पहिली भेट किती दिवसांत मिळते? कक्ष अशा जागी आहे का, की ये-जा सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार नाही? गुप्ततेचा लेखी नियम आहे का? आणि रात्री दोन वाजता वसतिगृहात कोणी संकटात असेल, तर कोणाला फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे ठरलेले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता यायचे, तर महाविद्यालयाची जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाशी किंवा जवळच्या तज्ज्ञाशी आधीच जोडणी झालेली असायला हवी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे.

हेच पाच प्रश्न जिल्हा समित्यांनाही तपासणीसाठी वापरता येतील. नेमणूकपत्राची प्रत पाहण्यापेक्षा गेल्या सत्रात किती विद्यार्थी आपणहून आले, किती दुसऱ्यांदा आले आणि पुढे पाठवलेल्यांपैकी किती प्रत्यक्ष रुग्णालयात पोहोचले, हे पाहिले तर सेवेचा खरा अंदाज येईल. विद्यार्थी दुसऱ्यांदा येतो, याचा अर्थ पहिल्या भेटीत त्याचा विश्वास बसला. हा विश्वास कमावण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. लागतो तो एक वेगळा माणूस, एक बंद होणारे दार आणि घाई नसलेला पाऊण तास. एटीकेटी लागलेला तो मुलगा दारापर्यंत जाईल की नाही, हे त्याच्या धैर्यापेक्षा या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून आहे.

(स्वतःला किंवा ओळखीच्या कोणाला मदतीची गरज असल्यास केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते.)